गायपाटावरची खाटेएवढी जागा

गायपाट टोला, १२ सप्टेंबर

तीन वेळा फोन लावला, तीनही वेळा तू कापला. चौथ्या वेळी तुझ्या स्वप्निलनं उचलला अन् म्हणते, "बाबा दुकानात नाहीत." मागं तू खोकलून राहिला होतास. सदतीस वर्षांत माणसाचं तोंड बदलते, खोकला नाही बदलत, बकाराम. पत्र मधातच कापता येत नाही म्हणून लिहून राहिली. तिसरीतून शाळा सुटली माझी. काना-मात्रा मोजत बसू नको, मतलब पाह्य.

मी शामकला, तुझी वहिनी. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा तू नऊ वर्षांचा शेंबडा होतास अन् माझ्याच हातची पेज पिऊन मोठा झालास, म्हणून अरे-तुरे करून राहिली. तुझा दादा जाऊन आठ वर्षं झाली. तू तेरवीले आला नाहीस. ते सोड. काम सांगते.

आपल्या डोंगरीवरच्या गायपाटावर खड्डे खणणार आहेत. सारा सपाट माथा, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वीस हजार खड्डे, एकेका खड्ड्यात एकेक झाड. कागदावर त्या जागेचं नाव पडीक आहे. झाडं लावणं चांगलं काम, त्याले कोण नाही म्हणन, असं म्हणून सारे माना हलवून राहिले. माझा योगराजही ह्या झाडांच्या कमिटीत. अठ्ठावीस तारखेला ग्रामसभा आहे. हात वर झाले का दुसऱ्या दिवशी मशीन चढते.

अन् मधातच ही पोट्टी आली. रुचिका नाव, नागपूरच्या कॉलेजची, गवतावर मोठी परीक्षा देऊन राहिली. आपल्या ओसरीत राहते. तिच्यापाशी प्लास्टिकच्या पाइपाची चौकट आहे, दोन हात लांब, दोन हात रुंद. ती गवतावर टाकते अन् आतलं पान न् पान मोजते. पहिल्या दिवशी मी पाणी घेऊन वर गेली. म्हटलं, "काव बाई, नवरा पाहायच्या वयात गवत पाहून राहिलीस."

ती हसली नाही. म्हणे, "आजी, एवढ्याशा जागेत तेवीस जाती निघाल्या."

मी वाकून पाह्यलं. "तेवीस नाही, पंचवीस. हे लाल चिकट दिसते का जमिनीले टेकलेलं? ह्याच्यावर माशी बसली का सुटत नाही, हे तिले खाऊन टाकते. अन् ह्या पवन्या गवताच्या बुडाशी काळी मुसळी आहे. पान सुकलं म्हणून ते मेली नाही, खाली कंद जिता आहे."

पोट्टीनं असं पाह्यलं माझ्याकडे, जशी मी कलेक्टर आहो.

तेव्हापासून रोज चढून राहिली, बकाराम. गुडघे दुखत होते ते घरी बसून दुखत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणी माझं बोलणं वहीत लिहून घेऊन राहिलं, अन् खाली लिहिते, "शामकलाबाईंची माहिती". ती विचारते, हे गवत एवढं जातीचं काऊन राहिलं? मी सांगते, इथं नांगर लावायची मनाई. पावसात ढोरं चरतीन, पण दिवाळीचं गायगोधन झाल्याशिवाय विळा नाही लावायचा, का बी आधी खाली पडलं पाहिजे. आपल्याले वाटे देवाची रीत आहे. पोट्टी म्हणते, हेच तर शास्त्र आहे. असं गवत जमायले शेकडो वर्षं लागतात म्हणते.

आता तुझ्या पट्टीचं. मावळतीकडे तो तीस-चाळीस पावलं रुंद पट्टा आहे ना, त्याले गाव अजून बकारामची पट्टी म्हणते. तिथं सात-आठच जाती. तरोटा, रानतुळस, राठ गवत. कमिटीवाले तीच पट्टी दाखवून म्हणतात, पाहा, खाली दगडच आहे, सारा पाट आज ना उद्या असाच होणार, मग झाडं काऊन नाही लावायची? पोट्टी म्हणते, दगडानं नाही झालं, नांगरानं झालं. पण सिद्ध कसं करणार? किती दिवस नांगर चालला, किती वर्षं, काय पेरलं, ते सांगणारा माणूस पाहिजे.

नांगर तुझा होता. बैल तुझे होते. तेव्हा तू ये अन् सभेत सांग. सडक अर्जुनीहून मोरगावची बस पकड, पुढं योगराज गाडी घेऊन येईन. बाकी जुन्या गोष्टी उकरायचं कारण नाही. फक्त गवताचं बोलायचं आहे.

शामकला

१८ सप्टेंबर

तुझं कार्ड आलं. साऱ्या कार्डावर एकच ओळ: "वहिनी, मले कायले विचारते, तुलेच माहीत आहे." एवढी जागा कोरी ठेवून कोणी कार्ड टाकते का? टोमणा मारायचा तर पुरा मारायचा.

पण मी आज त्यासाठी नाही लिहून राहिली. काल वर जे झालं ते कोणाले तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही, अन् घरात सांगायची सोय नाही.

काल आम्ही पट्टीत चौकटी टाकल्या. एकीत सात, एकीत आठ, एकीत सात. पोट्टी कंटाळून गेली. मग अगदी मधात एक टाकली अन् तिनं मोजणं सुरू केलं. बारा झाले, पंधरा झाले, तिचा आवाज चढत गेला. मी गुडघ्यावर बसून दुसऱ्या बाजूनं मोजून राहिली. एकवीस, बकाराम. लाल चिकट, मुसळी, पवन्या, निळ्या फुलाचं ते बोटभर झाड, सारं. टेप लावून पाह्यलं. एका खाटेएवढी जागा. तिच्या वीतभर बाहेर लगेच तरोटा. जशी कोणी गवताची गोधडी कापून मधात टाकली.

पोट्टीनं तिथं सळई ठोकून पाह्यली अन् बाहेरही ठोकली. दोन्हीकडे खडक तेवढाच खोल. ऊन तेच, पाणी तेच, माती तीच. ती तर नाचायचीच राहिली. म्हणे, "आजी, ह्याच्याहून मोठा पुरावा नाही. बाहेर नांगर चालला, इथं नाही चालला, बाकी सारं सारखं. पण एवढा तुकडा सोडला कशाले? इथं झाड होतं? दगड होता?"

अन् माझ्या तोंडातून निघून गेलं. एवढ्या शिकलेल्या पोट्टीले जे येत नाही ते मले येते, ह्या खुशीत तोंडाले लगाम राहिला नाही. म्हटलं, "दगड कायचा? इथं योगराज झोपत होता. लुगडं अंथरून, वर छत्री लावून. नांगर वळसा घेऊन जाये."

ती लिहिता लिहिता थांबली.

"म्हणजे नांगर चालत होता तेव्हा तुम्ही इथं होत्या?"

"पाहायले आली असन."

"कडेवर लेकरू घेऊन? एवढा डोंगर चढून?"

"आमच्या वेळी बाया चढत."

"रोज?"

मी म्हटलं, "तुले गवत शिकायचं आहे का माझ्या घरचं?" तिनं वही मिटली. घरी येऊन जेवताना भाजी वाढली तर म्हणे पुरे. गरीब पोट्टी आहे, भांडत नाही, त्याचाच राग येते.

पण बकाराम, खाटेएवढ्या जागेत ते सारं जितं राहिलं. सदतीस पावसाळे. मी आज पुन्हा जाऊन पाहून आली, काल स्वप्नात पाह्यलं का काय म्हणून.

आता अडचण समज. सभेत कोणी उभं राहून सांगितलं पाहिजे का ही जागा नांगराविना राहिली अन् काऊन राहिली. नाहीतर झाडांचे सरकारी साहेब म्हणतीन, असन कायतरी. तूच सांग ना. लेकरू तुझं होतं म्हण. तुझा मोठा हिमांशू झोपला होता म्हण.

नाही. ते जमत नाही. हिमांशू तेव्हा रुख्माच्या पोटात होता. त्या वर्षी टोल्यात रांगतं लेकरू एकट्या माझ्याच घरी होतं, अन् तेवढा हिशोब ईश्वरदास म्हातारा अजून करू शकते.

शामकला

२४ सप्टेंबर

उत्तर नाही. मी पाठवलं असतं तर मीही नसतं दिलं.

लिहून टाकते. तुले माहीत आहे हे मले माहीत आहे, पण मी कधी म्हटलं नाही, म्हणून म्हणते.

सत्त्याऐंशीचा दुष्काळ. इटियाडोह धरणाचं पाणी खालच्या गावाले, आपल्या उंचावरच्या टोल्याले काही नाही. बोडीतलं पाणी तळाले गेलं, धानाचे पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडले. तू रुख्माले घेऊन सासरी गेलास अन् तुझी बैलजोडी आमच्यापाशी सोडली, का आमचा एक बैल लंगडत होता. मी तुझ्या दादाले म्हटलं, गायपाटावर ओल आहे, कुटकी टाकू. तो नाही म्हणे. तीन दिवस नाही म्हणे. चौथ्या दिवशी मी योगराजले त्याच्या पुढ्यात ठेवलं अन् म्हटलं, ह्याले काय गवत चारू? मग त्यानं नांगर उचलला. तेव्हा दादाले दोष देऊ नको. दिलाच असशीन तर परत घे.

अकरा दिवस. बैल वरच बांधून ठेवले का चढता-उतरताना कोणी पाहू नये. मी लेकरू कडेवर अन् पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन जात होती. लोकांले सांगे, मोहाच्या बिया शोधून राहिली. कुटकी चांगली उगवली. हिरवीगार झाली म्हणूनच दिसली. गाव वर गेलं, मातीत तुझ्या पांढऱ्या बैलाच्या फाटक्या खुराचा ठसा सापडला, अन् साऱ्यांनी ढोरं सोडली त्या पिकात. एक दाणा घरात नाही आला.

गाव म्हणे, चोरून नांगरलं अन् सासरी जाऊन बसला; तू परत आलास त्याच दिवशी चावडीवर बोलावलं. तू दादाकडे पाह्यलं. दादानं जमिनीकडे पाह्यलं. मी तर तिथं आलीच नाही. घरी बसून अंबाडीची भाजी निवडत होती. तू काही बोलला नाहीस. गावानं तुझं पाणी बंद केलं, अन् महिन्यानं तू रुख्माले घेऊन निघून गेलास.

कायले बोलला नाहीस? हे मी तुले सदतीस वर्षं विचारून राहिली मनात, अन् दर वेळी मलेच राग येते. तू बोलला असतास तर आम्हाले जावं लागलं असतं. मग मी तुझ्यावर रागावली असती, अन् ते सोपं गेलं असतं.

काल योगराजले सांगितलं. ओसरीत, चहा पिता पिता. तो आधी हसला. मग म्हणे, "माय, सभेच्या पाच दिवस आधी हे काढतेस? मी कमिटीत आहो. लोकांले खड्ड्यांची रोजी मिळणार आहे, अन् तू गवतापायी बापाचं नाव घालवतेस."

"बापाचं नाही, माझं."

"एकच आहे."

"एक नाही. तो नाही म्हणत होता."

"पण कायले? कोण विचारून राहिलं तुले?"

मी म्हटलं, "पोट्टीनं चौकट टाकली अन् तुझी झोपायची जागा सापडली. ते तुले पाहायचं आहे का नाही, एवढं सांग." तो उठून गेला. बायको त्याची नीतू, कधी तोंड उघडत नाही, ते म्हणे, "मामीजी, मले दाखवा." नेलं तिले. ते तिथं उकिडवी बसली अन् पाहतच राहिली. म्हणे, "ह्यांची एवढीशी उंची होती?"

भीती वाटून राहिली. लिहिते कारण ते खरं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांत गावात माझ्या तोंडाले कोणी लागत नाही, ते ह्याच जोरावर का माझ्यावर बोट ठेवायले जागा नाही. आता मीच ते देऊन टाकू? न देऊ तर वीस हजार खड्डे. दोन्ही डोळ्यासमोर येतात. पण वर गेली अन् ते लाल चिकट दिसलं का मी पुन्हा मोजायले बसते. काल तिथं बाविसावी जात सापडली मले. पोट्टीच्या आधी.

२९ सप्टेंबर

काल सभा झाली.

शाळेच्या पडवीत सारा टोला. साहेबांनी नकाशा टांगला, पाट सारा पिवळा रंगवला होता. रुचिकानं तिच्या याद्या वाचल्या. चांगलं बोलली, पण नागपूरचं बोलली, लोक जांभया देऊन राहिले. साहेब म्हणते, "मॅडम, त्या पट्टीत खालचा खडक वेगळा असेल. तुम्ही एक तुकडा दाखवता, त्यावर गावाचा कार्यक्रम थांबवायचा का?"

मग ईश्वरदास बोलला. नव्वदीले आला, कान गेले, पण डोस्कं शाबूत. म्हणे, "एक सांगा मले. बकारामनं नांगरताना मधात खाटेएवढी जागा सोडली कायले?"

मी उठली. नीतूनं मागून ढकललं. म्हटलं, "बकारामनं नाही सोडली. मी सोडली. नांगर माझ्या नवऱ्याच्या हाती होता अन् माझ्या सांगण्यानं चालला. बैल तेवढे बकारामचे. तिथं माझं लेकरू झोपत होतं."

सुशिलाबाई, पाटलाची सून, ते म्हणे, "सदतीस वर्षं गोड झोप लागली असन तुले."

"लागली. खोटं कायले बोलू? आता ऐक पुढचं. अकरा दिवस नांगरलं. एकच वर्ष. एक लाकडी नांगर, एक जोडी, अन् वितीएवढंही खोल नाही. तेवढ्यानं जे गेलं ते आजवर परत नाही आलं. शेण पडलं, पाऊस पडला, बाजूचं बी उडून आलं, तरी मुसळी परत नाही आली. खाटेएवढ्या जागेत आहे, कारण तिथं फाळ नाही लागला. अन् तुम्ही मशीन लावणार. लावा. मग सदतीस वर्षांनी कोणाले उभं करान सांगायले?"

साहेब म्हणते, "आजी, म्हणजे अतिक्रमण तुम्हीच केलं."

"केलं ना. म्हणूनच मले माहीत आहे का काय जाते. तुम्हाले कसं माहीत असन, तुम्ही अजून केलं नाही."

लोक हसले.

ईश्वरदास काठी टेकत जवळ आला. म्हणे, "शामकला, बकारामच्या बायकोनं पाणी भरू नये म्हणून विहिरीवर बोरीचे काटे मी टाकले होते."

"माहीत आहे. मी दारातून पाहत होती."

तो परत जाऊन बसला.

मग नीतू म्हणाली, अन् लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज गावानं पहिल्यांदा ऐकला असन, "इथं बसून भांडण्यापेक्षा वर जाऊन मोजा." अन् बकाराम, सारी सभा उठून डोंगरी चढली. बाया, म्हातारे, शाळेचे पोट्टे, साहेब बुटासकट. तू पाहायले पाहिजे होतास. दहा-दहा जण चौकटीभोवती वाकून, जो तो ओरडून राहिला, हे माझ्या मायचं औषध, हे आम्ही लहानपणी खात होतो, ह्याची तर फुलं हारात लावत. पट्टीत सात, खाटेत बावीस, पलीकडे पंचवीस. तीन ठिकाणी मोजलं, तीन जणांनी मोजलं. सुशिलाबाई मले टोचायलेच आली होती वर, तिनं एक बारकं पांढऱ्या फुलाचं झाड काढलं जे मलेही ठाऊक नव्हतं अन् पोट्टीलेही नाही. आता तिचा भाव वाढला आहे. चुलीत जावो, पण झाड चांगलं शोधलं.

हात तिथंच वर झाले, गवतात उभं राहून. पाटावर खड्डे नाही. झाडं रस्त्याच्या कडेले अन् बोडीच्या पाळीवर. खणायची रोजी तिथंही मिळते, योगराजनंच ते सुचवलं. त्याचा हात साऱ्यांत शेवटी गेला. पण गेला. साहेबांनी सही घेतली. त्या पट्टीले ह्यापुढं माझं नाव लावावं, हे मी लिहायले लावलं.

आज सकाळी हापशीवर गेली तर तिथल्या बाया गप झाल्या. मंजू, जिचं बाळंतपण मी केलं, तिनं घागर अर्धी भरून उचलली अन् निघून गेली. चालन. किती दिवस चालन ते पाहू. मी माझी घागर पुरी भरून आणली. पोट्टी परवा जाते नागपूरले, पुन्हा गायगोधनाले येते बी कसं पडते ते पाहायले, अन् मले म्हणे चौकट तुमच्यापाशीच ठेवते. आता मी एकटी मोजणार, दर आठ दिवसांनी. बोडीच्या मागच्या उतारावर पूर्वी ढोरांची बसायची जागा होती, तिथंही टाकून पाहायची आहे मले. तिथं काय निघते ते आताच सांगू शकते मी, पण मोजून सांगीन.

आता उत्तराचं. तू लिहू नको. तू लिहिशीन "जाऊ दे वहिनी", एका कार्डात मले मोकळी करशीन, तुले तीच सवय आहे. तू पुरुष माणूस, दिवसभर दुसऱ्या गावच्या धानबांधीवर पाणी पीत होतास. सहावा महिना लागलेला असताना त्या काट्यांपासून घागर रिकामी घेऊन वळली अन् कोसभर नाल्यावर गेली ते रुख्मा. वाटेत माझं दार लागे. रोज लागे. तिनं एकदाही आत पाह्यलं नाही, अन् मी एकदाही बाहेर आली नाही.

म्हणून उत्तर रुख्मानंच द्यावं. हे पत्र तिले पुरं वाचून दाखव, मधात काही गाळू नको. तिले लिहिता येत नसन तर ती बोलन अन् स्वप्निल लिहीन. शिव्या दिल्या तर शिव्याच लिहायच्या, त्यानं त्या गोड करायच्या नाहीत. अन् तिले काहीच म्हणायचं नसन, तर कोऱ्या कागदावर तिचा अंगठा पाठव. दुसऱ्या कोणाचं उत्तर मी उघडणार नाही.

शामकला